घरघरीचा बंदोबस्त

तीर्थरूप मामा यांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्याने सध्या अर्ध्यावरच थांबलो आहे, उरलेला भेटीत घालीन.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे, आई जपून बोलते आहे आणि फ्रिजमधलं दूध नासलं. पण या तिन्ही प्रगतीच्याच खुणा आहेत, हे पुढे वाचल्यावर तुम्हाला पटेल.

बाबांची गिटार तयार झाली. तुम्हाला ठाऊकच आहे की आजारपणापासून त्यांच्या डाव्या हाताची बोटं वळत नाहीत आणि जुनी गिटार कपाटावर धूळ खात पडली. ही नवी मांडीवर आडवी ठेवायची. तारा बोटांनी दाबायच्याच नाहीत, मुठीत पोलादाचा दांडका धरून तारांवरून सरकवायचा. मूठ त्यांची अजून पक्की आहे (लहानपणी ती अनुभवलेला माणूस सांगतो आहे). त्यांच्या जुन्या ऑर्केस्ट्रातली मंडळी येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात एकत्र वाजवणार आहेत. आता जे काही उरले आहेत, ते सगळे. बाबांनी यायचं कबूल केलं, पण एका अटीवर: वाद्यातून सुरांखेरीज काही ऐकू येता कामा नये.

आणि इथेच घोडं पेंड खातं. लाकूडकामाबद्दल मी स्वतःच्या तोंडाने काय बोलणार? (तरी बोलतो: अखंड फळी, एकही खिळा नाही, आणि तारा जिथे अडकतात तो पूल शिसवीचा, आरशासारखा घासलेला. कपाटं करणाऱ्या माणसाने वाद्य करावं तर असं.) फक्त अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला की तारांखालच्या पिकअपमधून (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकातून) घर्रर्र असा आवाज निघतो. मंद सुरांत तर तोच जास्त ऐकू येतो. तुम्ही फोनवर म्हणालात की तारांच्या बुडातून एक वायर काढून जॅकला, म्हणजे गिटारच्या टोकाला अ‍ॅम्प्लिफायरची पिन खुपसतात त्या पत्र्याला, जोड. मामा, तुमचा जन्म लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात गेला, तुमच्याविषयी मला आदरच आहे. पण शिसवीच्या पुलाला भोक पाडून त्यातून वायर ओढायची म्हणजे नव्या दाराला सुतळीची कडी लावण्यासारखं आहे. ते मला जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण मी शास्त्रीय पद्धतीने कामाला लागलो.

आधी ट्यूबलाइट बंद केली, घरघर थोडी कमी झाली. मग पंखा. मग फ्रिज (दुधाचं वर आलंच आहे). मग वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना मशीन थांबवायची विनंती केली, त्यावर त्यांनी माझ्या घराण्याविषयी काही मतं मांडली, ती इथे देत नाही. मग असा शोध लागला की गिटारची दिशा बदलली की घरघरही बदलते. म्हणून बाबांना खुर्चीसकट हळूहळू फिरवत नेलं. सर्वांत शांत जागा सापडली ती कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. ऐकणाऱ्यांकडे पाठ करून वाजवायचं का, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, तुमची पाठही रुबाबदार आहे. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

मी हार मानणाऱ्यातला नाही. पिकअपच्या खोबणीला आतून धातूचं अस्तर लावावं असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातला चंदेरी कागद आणून सढळ हाताने कोंबला. घरघर शंभर टक्के गेली! मी टाळी वाजवली. बाबांनी तार छेडली, तर तीही गेली होती. कागद काढल्यावर दोन्ही परत आल्या, आधी घरघर.

मग तो प्रसंग घडला. बाबांचा चेहरा रागाने लाल झालेला पाहून आईला वाटलं ताप आला. ती आली, एक हात त्यांच्या कपाळावर ठेवला आणि दुसऱ्याने गिटारच्या टोकाला टेकली, नेमकी जॅकच्या पत्र्यावर. घरघर थांबली. आईने हात काढला, सुरू झाली. ठेवला, थांबली. मी आईला वीसेक वेळा हात ठेवायला आणि काढायला लावलं (ती म्हणाली, ताप नाहीये, आता पुरे). तत्त्व माझ्या लगेच लक्षात आलं: माणसाचं अंग पत्र्याला जोडलं की काम फत्ते! बाबांचे दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, म्हणून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला वायर बांधून ती जॅकला लावली. उत्तम चालतं. मात्र बाबा पायाने ताल धरतात, त्यामुळे वायर दर गाण्यात सुटते आणि आईला हातातलं काम टाकून यावं लागतं.

रविवारी आईनेच स्टेजवर बसावं, एक हात पत्र्यावर आणि एक बाबांच्या मानेवर, असं मी सुचवलं. “शंभर माणसांसमोर यांच्या मानेवर हात ठेवून बसू?” असं म्हणून ती आत गेली. बाबांनी गिटारला खोळ घातली. त्या खोळीकडे मला बघवत नाही, मामा. पण काळजी नसावी, मार्ग माझ्या दृष्टिपथात आहे. थोरांना नमस्कार, धाकट्यांना टपल्या.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. मार्ग असा की शनिवारी तुम्ही सोल्डरिंगची पेटी घेऊन यावं. सहज आलो म्हणून सांगा. पुलाला भोक तुम्हीच पाडा. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन येईन.

ता. क. दुसरा. धाकट्या, मी तुझी ताई, या आज्ञाधारकाची आई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलं. याचं काही ऐकू नकोस. मी नाही म्हटलं नव्हतं, मी विचारलं होतं, आणि उत्तर कुणीच दिलं नाही. इतकी वर्षं हे वाजवायला बसले की दार लावून घ्यायचे, मी बाहेरून ऐकायचे. आता मी उठले की यांचं वाजवणंच थांबतं. अंगठ्याची वायर सुटत नाही रे, हेच दुसऱ्या पायाने काढतात आणि मला हाक मारतात. काल हा कामावर गेल्यावर मी हात ठेवून बसले आणि आम्ही सगळी गाणी वाजवून पाहिली, छान झाली. रविवारी बायकोला घेऊन ये आणि पुढच्या रांगेत बस. पेटी घरीच ठेव. भोक पाडायचंच असेल तर कार्यक्रमानंतर बघू, आणि तेव्हाही आधी मला विचार.