पाइपातली बाळंतीण

१६ फेब्रुवारी
मनी कालपासून घरी नाही. गळ्यातलं पितळी घुंगरू वाजलं की मी दार उघडायचे. आज दोनदा उगीचच उघडलं.
खालच्या मजल्यावरचा रणजित मोबाइलमध्ये डोकं घालून गाडी मागे घेतो. त्याला विचारलं. "नाही हो काकू, मांजर नाही दिसलं." कॉलनीचा सेक्रेटरी म्हणे! स्वतःच्या चाकाखाली काय येतं ते दिसत नाही, कॉलनी काय बघणार.

२ मार्च
मनी गेलीच. रणजितशी बोलणं बंद.

१७ एप्रिल
मागच्या मैदानात ड्रेनेजचे उरलेले सिमेंटचे पाइप पडलेत. त्यातल्या एकात अजगर. मादी. अंडी घातलीत आणि त्यांच्याभोवती वेटोळं करून बसलीय. अख्खी कॉलनी जमली — मोबाइल हातात, अक्कल घरी. तो खराडीच्या ऑफिसात जाणारा अनिरुद्ध मागून सांगतोय, "लांब राहा, विषारी आहे." अरे, अजगराला कुठलं विष? तो विळखा घालतो, श्वास कोंडतो आणि अख्खं गिळतो. वाचनालयातलं एक पुस्तक उघडलं असतं तरी कळलं असतं.
सर्पमित्र पूर्णिमा आली. म्हणाली, "वनखात्याला कळवते. दोनेक महिने इथंच बसू दिलं तर अंडी वाचतील." कॉलनीतल्या पोरांना ते नको. बुद्धपौर्णिमेचा मांडव तिथेच घालायचाय, मिरच्यांचा धूर केला की निघेल म्हणे. वर पंचशील म्हणायचं आणि खाली बाळंतिणीला धुरी द्यायची. शोभतं.
रणजित पाइपाशी वाकून काहीतरी उचलत होता. कचरा वेचायला वेळ आहे, निर्णय घ्यायला नाही. "पुढच्या मीटिंगला ठेवू," म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही. बघेल कसा?

२६ एप्रिल
पहाटेच्या गारव्यात ती थरथरते. शेजारच्या इंदुबाईंना वाटलं, ताप भरला. चादर घेऊन निघाल्या होत्या! म्हटलं, अहो, अंग आखडून-सोडून ती ऊब तयार करते, अंड्यांसाठी. तोवर पोटात घास नाही. कुणा शहाण्यानं दुधाची वाटी ठेवलीय. प्यायला ती काय मांजर आहे?
लिहिलं आणि मनी आठवली.
इंदुबाई हळूच म्हणाल्या, "तुमची मनी हिनेच तर…" म्हटलं, अंड्यांवर बसलेली आई काही गिळत नाही. "पण बसायच्या आधी गिळत असेल की." काहीतरीच बाईचं. माझी मनी गाडीखाली गेली.

४ मे
मीटिंग. रणजितनं पुन्हा विषय पुढे ढकलला. पोरं चिडली, मी त्याहून. "धूर करायचा नाही" एवढं सरळ म्हणायला जीभ झिजते? असा मेणाचा माणूस. शेवटी मीच उभी राहिले. म्हटलं, आधी मला धुरी द्या, मग तिला.
मांडव फाटकापाशी घालायचं ठरलं.

१२ मे
बुद्धपौर्णिमा. फाटकाशी खीर वाटली. स्पीकरची तोंडं रणजितनं रस्त्याकडे फिरवलेली, मैदानाकडे आवाज कमी. चुकून झालं असेल.

१५ जून
अंडी फुटली. हातभर पिल्लं, अंगावर आईचीच नक्षी. वनखात्याच्या माणसांनी आई एका पोत्यात घातली, पिल्लं दुसऱ्यात. इंदुबाईंच्या डोळ्यांत पाणी — "लेकरं तोडली हो." कसली तोडतायत? अजगराची पिल्लं पहिल्या दिवसापासून आपलं आपण बघतात. आईनं ऊब दिली, तिचं काम संपलं.
मी आपली उगीचच रिकाम्या पाइपापाशी जाऊन आले.

१६ जून
रणजित दारात. तळहातावर मनीचं घुंगरू, घासून लख्ख केलेलं.
"अजगर सापडला त्याच दिवशी पाइपाशी मिळालं, काकू. तिच्या विष्ठेत होतं."
"मग तेव्हाच का नाही दिलंस?"
"तेव्हा दिलं असतं तर मिरच्या तुम्हीच आणल्या असत्या."
आणल्या असत्या.