पाहुणीची खोली

२ सप्टेंबर
पोहोचले एकदाची! शाळांच्या अदलाबदलीत गेल्या वर्षी इथली मुलगी आमच्याकडे राहायला आली होती, आता मी तिच्या घरी. आम्ही तिला पाहुणीच म्हणायचो. वर्षभरासाठी आली आणि दोन महिन्यांत परत गेली, नाजूक बाहुली! आता वसतिगृहात शिकते म्हणे. न्यायला आलेले काका माझ्या नावाचा पुठ्ठा उलटा धरून उभे होते. काकूंनी तर कमालच केली. पाहुणीला आम्ही टाकीलगतची खालची खोली दिली होती ना, हुबेहूब तशीच माझ्यासाठी सजवलीये. तोच पिवळा पडदा, तशीच न उघडणारी खिडकी, भिंतीवर ओलीचा डागसुद्धा! मला घरच्यासारखं वाटावं म्हणून. परक्या पोरीसाठी कोण एवढं करतं?

८ सप्टेंबर
अदलाबदलीचा नियम आहे, पहिला महिना घरी फोन नाही. नाहीतर पोरं रमत नाहीत. माझा फोन काकूंच्या कपाटात. पाहुणीचाही आईनं असाच ठेवला होता. खोकला झालाय. वरच्या रिकाम्या खोलीत झोपू का म्हणून विचारलं, तर काकू चक्क आपल्या भाषेत म्हणाल्या, होते सवय चार दिवसांत. मला हसूच फुटलं. थेट आईचं वाक्य, आईच्याच हेलात! पाहुणीनं येऊन सांगितलं असणार.

१७ सप्टेंबर
डबा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. काकू माझ्या खोलीत होत्या, हातात झाडांवर पाणी मारायचा फवारा. भिंत भिजवत होत्या. मग गादी. मला पाहून दचकल्यासुद्धा नाहीत. काम पुरं केलं आणि वर गेल्या.

२१ सप्टेंबर
वर्गाच्या बाईंना सांगितलं. त्यांनी पाठीवर हात फिरवला. काकू आधीच सांगून गेल्यात, पोरीला घरची आठवण येते, काहीबाही बोलते.

२६ सप्टेंबर
कपड्यांच्या घड्या घालता घालता काकूंनीच सांगितलं. वसतिगृह वगैरे काही नाही. आमच्या खोलीत पाहुणीची छाती भरली. ती फोन मागायची, आई म्हणायची होते सवय. परत आली ती अंथरुणाला खिळूनच. मग गेली. आईला का नाही कळवलंत, मी विचारलं. कळवलं असतं तर तिनं तुला पाठवलं असतं का, म्हणाल्या.

२ ऑक्टोबर
महिना संपला. काकूंनी स्वतः फोन लावून दिला, स्पीकरवर. खोकला थांबेना — एवढंच म्हणता आलं, आई, मला घेऊन जा. आई हसली. त्या पाहुणीसारखं नाजूक होऊन कसं चालेल, होते सवय चार दिवसांत —
काकूंनी फोन ठेवला. म्हणाल्या, तुझी आई ये म्हणाली असती तर आजच पाठवणार होते. तिकीट काढून ठेवलं होतं.
काकूंचा राग आला नाही. आईचा आला. इतका कधीच —

दुपार
बाहेरून कडी. दारापाशी काका रडतायत. कडी काढत नाहीत.
पडदा ओला. वही ओली. आई, खरंच होते गं सवय — आता खोकलाही येत नाही, नुसता श्वास —