फळ धरेपर्यंत निंदण बंद

१९ जुलै १९६४, दुसरबीड
कापसाच्या पऱ्हाटीत एक अनोळखी तण. निंदायला आलेल्या जनकाबाईने देठ मोडला, दूध दाखवले. म्हणाली, दुधी हाय मास्तर, उपटून टाकू. मी थांबवले. दूध तर रुईलाही असते. तीस वर्षे सायन्स शिकवलेला माणूस असा घाईत नाव घेत नाही. तणांच्या पुस्तकात स्पष्ट आहे: खात्री फळावरून, तीन कप्पे, कप्प्यात एकेक बी. तेव्हा फळ धरेपर्यंत दोन्ही एकरांत निंदण बंद.

२० जुलै
बायको, तानुबाई, म्हणते एक झाड ठेवा, बाकीचं काऊन? सांगितले, सॅम्पल मोठे हवे. या कापसावर घरावर टिनं टाकायची आहेत, असे तिने तीनदा ऐकवले. मग चुलीकडे वळली. पटले असावे.
आजपासून रोज नोंद.

२८ जुलै, सकाळी ८
मधले आठ दिवस पाऊस. पाने पाहिली: खाली एकाआड एक, शेंड्याला झुबका. जनकाबाईची टोळी शेजारच्या शेषरावाकडे गेली. बरेच झाले. सॅम्पल तुडवले जाणार नाही.

६ ऑगस्ट
फुले. इवल्या हिरव्या वाट्या, पाकळ्या नाहीत. पऱ्हाटी जरा शोधावी लागते. तानुबाई विचारते, फळ धरे तवरोक पऱ्हाटीनं उपाशी राहावं काय? भावनेच्या भरात बोलते.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून थेट शेतात. फळ ब्लेडने आडवे कापले. तीन कप्पे, तीन बिया. दुधीच. शेषरावाला बांधावर बोलावून दाखवले. म्हणतो, हे तं आमाले ठाऊकच व्हतं. त्याला ठाऊक होते, मला खात्री आहे. फरक आहे.

१८ ऑगस्ट, दुपार
उघडीप. शेतात तडतड. फळे फुटून बिया उडताहेत, शेषरावाच्या रानातही. पुस्तकाचे पान उलटले. 'उपाय: फुलण्यापूर्वी उपटावे.' इतके महत्त्वाचे मागच्या पानावर छापतात का? जनकाबाईला निरोप धाडला. सवड नाही म्हणे.

१९ ऑगस्ट
मी आणि तानुबाईच निंदतो आहोत. ती बोलत नाही. वाईट वाटते, पण कामाला वेग चांगला आला. संध्याकाळी तिने मी उपटलेला ढीग निवडून दोन वाटे केले. मोठा वाटा पऱ्हाटीचा. मग माझ्या हातातले खुरपे काढून घेतले.