आरशाची लिफ्ट

३ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा बरे आहेत, म्हणजे कुरकुर करण्याइतके बरे आहेत. उजवी बाजू अजून साथ देत नाही, पण तोंड पूर्वीसारखंच चालतं. त्यांना सांभाळायला ठेवलेल्या नव्या मावशींशी मात्र त्यांचं छान सूत जुळलंय. मावशी बगलेत हात घालून त्यांना अशा उचलतात की उचलल्याचं कळतही नाही. माझ्या हातून चमचाभर नको म्हणणारे बाबा त्यांच्या हातून वाटी संपवतात आणि वर मला ऐकवतात, की शीक काहीतरी.

दुसरी बातमी वाचनमंडळाची. चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे दर गुरुवारी दुपारी आम्ही बायका जमतो. यंदा मी तू दिलेली ती जुनी कादंबरी सुचवली, मोठ्या घरातल्या दाईची. प्रतही तीच, तुझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. ज्या मुलाला तिने अंगाखांद्यावर वाढवलं, त्याच्याच घरात पुढच्या दाराने यायला तिला बंदी, हे वाचताना निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी पुस्तक पालथं ठेवलं. सगळ्यांनी डोळे पुसले. मग चहा झाला.

आता काम. आपल्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत, आठवतंय ना? पुढची आरशाची, घरमालकांची. मागची सामानाची आणि कामाला येणाऱ्यांची. मागची महिनाभर बंद पडलीय. दुरुस्तीचं कुणी नाव काढत नाही, आणि पुढचीचा नियम हलत नाही. मावशी साठीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणारे, आणि आपण सातव्या मजल्यावर. काल मी त्यांना हाताला धरून आरशाच्या लिफ्टमध्ये घेतलं, तर वॉचमन आडवा आला. मान खाली घालून म्हणाला की त्याची नोकरी जाईल.

नियम बदलावा असा अर्ज मी दिलाय. बावीस तारखेला सोसायटीची सभा आहे. घर तुझ्या नावावर, तेव्हा मतही तुझंच. तुझ्या वतीने मला हात वर करता येईल अशा दोन ओळी लिहून पाठव.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी


९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझ्या वहिनीला म्हटलं, आमची ठमी पुन्हा मोर्चा काढणार. शाळेत असताना मधली सुट्टी वाढवायला काढला होतास, तेव्हा छड्या मी खाल्ल्या होत्या, हे ध्यानात असू दे.

ती कादंबरी मंडळात लावलीस हे फार छान केलंस. वाचली तेव्हा मी दोन दिवस धड जेवलो नव्हतो. लोकांना असं काही वाचायला लावलंच पाहिजे.

लिफ्टचं म्हणशील तर जरा सबुरीने घे. चेअरमन माणूस वाईट नाही. जिभेवर साखर ठेवून बोललीस तर मागची लिफ्ट दुरुस्त करून देतील. नियम एकासाठी वाकवला की रांग लागते. शिवाय तुला तिथेच राहायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? मावशींसाठी गुडघ्याचे चांगले पट्टे पाठवतोय, दोन्ही पायांचे. मताचं बघतो. सध्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही. बाबांना सांग, उन्हाळ्यात नक्की येतो.

राग आवर, तब्येत सांभाळ. आशीर्वाद आहेतच.

दादा


१३ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पट्टे पोचले. मावशींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, की हे बांधल्यावर पायऱ्या कमी होतात का.

काल मंडळात मी लिफ्टचा विषय काढला. वाटलं होतं, ज्या बायका परवा रडल्या त्या आज सही करतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कादंबरीचा काळ वेगळा होता, आता कोण कुणाला कमी लेखतं. पण बंद डब्यात घामाचा वास कोंडतो, आणि हे त्या निव्वळ आरोग्याचं बोलताहेत. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की आज लिफ्ट दिली तर उद्या सोफ्यावर बसतील. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आठवून माझंच डोकं फिरलं.

मग पुन्हा पुस्तक उघडलं. दाई मागच्या खोलीत मरायला टेकलीय, मुलाला ते ठाऊक आहे, पण पाहुणे आहेत म्हणून तो गच्चीवरून खाली उतरत नाही, त्या प्रकरणाशी आम्ही आलो होतो. सगळ्यांचं एकमत, की बिचारा तरी काय करणार होता. मी त्यांना तुझी समासातली पेन्सिल दाखवली. एकच शब्द लिहिलायस तू: भेकड. डॉक्टरीणबाईंनी लगबगीने बिस्किटं फिरवली.

मावशींचं म्हणणं मात्र तुझ्या कानावर घालते. त्या म्हणाल्या की आरशाच्या लिफ्टचं त्यांना काही कौतुक नाही. पण सात मजले चढून आलं की हात थरथरतात, आणि त्याच हातांनी आजोबांना उचलायचं असतं. परवा बाबा त्यांच्या हातून निसटता निसटता राहिले. बाबा हसले, मावशींनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

दोन ओळी, दादा. इतकंच मागतेय. लोभ असू दे, आणि नसला तर निदान उत्तर तरी असू दे.

तुझी,
ठमी


१८ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

काम फत्ते. चेअरमनांशी फोनवर सविस्तर बोललो. ते मावशींना खास पास देणार आहेत. तू सोबत असलीस आणि लिफ्टमध्ये दुसरं कुणी नसलं, की मावशींनी खुशाल पुढून यावं. साप मेला आणि काठीही वाचली. आता सभेत भांडत बसू नकोस. त्या दोन ओळींची गरजच उरली नाही.

समासातल्या शब्दाचं म्हणशील, तर तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. सतराव्या वर्षी माणसाच्या नावावर घर नसतं.

घाईत आहे. खुशाली कळवत जा.

दादा


२४ मार्च

दादास,
न. वि. वि.

सभा झाली. चेअरमननी सुरुवातीलाच सांगितलं, की सातव्या मजल्याच्या मालकांनी स्वतः फोन करून नियम आहे तसाच ठेवायला सांगितलंय; उद्या घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतं. बोलायला म्हणून मी उठले होते, तशीच खाली बसले. आपलं घर विकायचंय हे मला तिथे, शेजाऱ्यांच्या देखत कळलं. त्याच घरात बाबा अजून जेवताहेत रे.

आम्ही सपशेल आपटलो. माझ्या बाजूने तळमजल्यावरचा शिंपी आणि आणखी एकदोघं, बस. तुझ्या मताने काहीच बदललं नसतं. त्याचंच जास्त लागलं. फुकटात मिळणारा चांगुलपणासुद्धा तुला परवडला नाही.

पास मावशींनी नीट वाचला. त्यावर लिहिलं होतं, मालकांसोबत असतानाच. मावशी म्हणाल्या, अशी चिठ्ठी पेटाऱ्यावर डकवतात. दुसऱ्या दिवशी त्या जिन्याने आल्या, बाबांना आंघोळ घातली, त्यांची नखं कापली, आणि यापुढे येणार नाही म्हणाल्या. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवू?

बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. मला ते उचलवत नाहीत.

ठमी


२८ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मला सुळावर चढवायचंच ठरवलेलं दिसतंय. विकायचं म्हणजे काही उद्या नव्हे. बाबांच्या नंतरची गोष्ट, आणि तीही तुझी सोय लावूनच. चेअरमनना काहीतरी कारण सांगावं लागतं, ते सांगितलं. हे घर बाबांसाठीच घेतलं होतं, हेही कधीतरी आठव.

एजन्सीतून नवी बाई ठरवलीय. तरुण आहे, जिने चढेल. सोमवारपासून येईल.

एका लिफ्टपायी भावाबहिणीने बोलणं टाकावं, इतके आपण लहान नाही. उत्तराची वाट बघतो.

दादा


१२ एप्रिल

दादास,
न. वि. वि.

वरचा पत्ता नवा आहे. बाजारामागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्यात. दार उघडलं की थेट रस्ता. एका भिंतीला ओल आहे आणि शेजारचा रेडिओ बंद होत नाही. मावशी दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की आजोबांवर त्यांचा राग कधीच नव्हता. रोज सकाळी येतात. तुझ्या एजन्सीच्या बाईला मी पहिल्याच दिवशी चहा पाजून परत पाठवलं. जिने चढून तीही धापा टाकत होती.

जायचं का, हे बाबांना आधी विचारलं होतं. लिफ्टचं सगळं सांगितलं, तुझं नाही सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, की चल.

त्यांना आडवं झोपवून न्यायचं होतं, आणि स्ट्रेचर आरशाच्या लिफ्टमध्ये मावेना. मागची अजून बंद. मग मावशींचे दोघे मुलगे, शिंपी आणि वॉचमन यांनी बाबांना जिन्याने उतरवलं. चौथ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचं दार किलकिलं झालं आणि लागलं. खालच्या वळणावर सगळ्यांनी जरा उसंत घेतली, तेव्हा बाबांनी विचारलं, की थोरला का नाही आला.

मी म्हटलं, ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही त्याला. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि उचलणाऱ्यांना म्हणाले, की दमला असाल, सावकाश घ्या.

तुझ्यासाठी यापुढे मी खोटं बोलणार नाही. किल्ली वॉचमनकडे ठेवलीय. बाबा पुन्हा विचारतील. तेव्हा काय सांगायचं, ते तूच लिहून पाठव.

लोभ होता, अजून आहे, आणि त्याचाच राग येतो.

तुझी,
ठमी