चाळीसपट झूम आणि शेवंतीची फुगडी

प्रिय हितेंद्र यास,
करी रोडहून दौलतभावोजींचा आशीर्वाद. तुझा गुडघा आता बरा असेल, माझगावात सगळे खुशाल असतील, असं धरून चालतो. फोनवर मी चिडलो की तू हसतोस, म्हणून हे लेखी.

ताईच्या साठीला तू जो कॅमेरा दिलास, त्याच्या खोक्यावर 'चाळीसपट झूम' असं छापलंय. (ठळक, लाल रंगात. चष्मा लावून दोनदा वाचलं.) त्या भरवशावर रविवारी लालबागच्या मैदानात फुगडीच्या स्पर्धेला मी पार मागे उभा राहिलो. तुझी बहीण आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर चढत होती. महिनाभर शेजारच्या बकुळावहिनींबरोबर गॅलरीत सराव करून दोघींनी अख्खा मजला हलवला होता. मी बटण दाबलं. भिंग बाहेर आलं, चारपटीला थांबलं. झूमच्या पट्टीवर एक रेघ होती, ती ओलांडून आकडा मात्र धावतच सुटला, दहा, वीस, चाळीस! इवल्याशा पडद्यावर शेवंतीची नथ दिसली रे. त्रेपन्न फोटो काढले.

घरी टीव्हीला जोडले तर नथ नाही, नाक नाही, नुसते चौकोन. मोरीत लाद्या बसवाव्यात तशी बायको! "यातली मी कुठली?" एवढंच विचारून ती आत गेली. दुसरा नंबर काढून अंतिम फेरीत गेलेली बाई, धड जेवलीसुद्धा नाही.

सोमवारी तणतणत दादरला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथला शंतनु म्हणतो, "काका, भिंगाचा झूम चारपटच. रेघेच्या पुढे कॅमेरा फोटोचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो." कापतो? ताणतो? मग झूम कशाला म्हणता, शिवणकाम म्हणा! (दुकानातले लोक बघायला लागले. बघू देत.) वर मलाच विचारतो, "पुढे जाऊन का नाही काढलेत?" मी कॅमेरा उचलून बाहेर पडलो. असल्या माणसाशी काय बोलायचं?

तुझा,
दौलत

ता. क. शेवंती अजून मोजकंच बोलते. कॅमेऱ्यातच दोष आहे, असं तू तिला सांग. खरं म्हणजे मला कोणी अडवलं नव्हतं, पहिल्या रांगेत खुर्चीही रिकामी होती. पण तिथे सगळ्या बायका, आणि तिला नाचताना बघून माझे डोळे भरले असते तर अख्ख्या चाळीला दिसलं असतं. हे तिला सांगू नकोस.

हितू, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. शनिवारी परळला अंतिम फेरी आहे, यांना पुढे बसवतेय. तू शेजारी बस. उठायला लागले तर धरून ठेव.
– ताई