टाचण्यांच्या उशीखाली

दि. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरी यास,
अ. उ. आ.

इकडे सगळे ठीक. तुझा फोन लागत नाही म्हणून पत्र. पुलावर बोलण्याइतकी रेंज नसते, बाबांच्या नाडीचे आकडे तेवढे येतात, असं तू म्हणतोस. असेल बाबा.

बाबांच्या घड्याळाने वात आणलाय. एकदा चार्ज केलं की आठवडा बघायला नको, असं तू सांगितलं होतंस; ते दुपारच्या जेवणाआधीच मान टाकतं. चार्जिंगला लावलं की बाबा त्याच्यासमोर उभे, दूध उतू जाईल तसे. त्यात पट्ट्याखाली मनगट लालभडक झालंय, पुरळ उठलंय, खाजवून खाजवून पाणी सुटलंय. काढा म्हटलं तर ऐकत नाहीत, आंघोळीलाही नाही. गेल्या उन्हाळ्यात दुकानात चक्कर येऊन पडले तेव्हा तूच ते बांधलंस आणि आता मी तिकडून रोज तुमची नाडी बघणार, असं सांगून दुसऱ्या दिवशी निघालास. काढलं तर पोराला आकडा दिसणार नाही, तो घाबरून काम टाकून धावत येईल, असं त्यांचं म्हणणं. तू आणि काम टाकून धावत येणार, यावर मी हसले तर रागावले.

तुला तिकडे काय दिसतं ते कळव. पत्राला उशीर केलास तर कान तिथे येऊन पिळीन.

तुझी ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इथे आम्ही पुलाच्या तिसऱ्या कमानीवर आहोत. तिथल्या एका खाचेत पक्ष्याने घरटं केलंय, मुकादम म्हणतो की तेवढी वीत सोडून रंगवा. म्हणजे सगळा पूल निळा आणि एक वीत गंजकी. हे कशाला सांगतोय मी? हां, घड्याळ.

पट्टा एक भोक सैल कर, खाली करंगळी गेली पाहिजे. साबण आत राहतो, त्याने खाज येते; काढून धुवायचं, हात आणि पट्टा दोन्ही कोरडे करून मगच बांधायचं. दोन दिवस दुसऱ्या हातात घाला म्हणावं. पुरळ नाहीच बसलं तर डॉक्टर. बॅटरीचं म्हणशील तर पडद्याचा उजेड कमी कर, हात उचलला की पडदा लागतो ते बंद कर, मागचे चार्जिंगचे ठिपके कोरड्या फडक्याने पूस. एवढं करूनही दुपारपर्यंत संपत असेल तर पडदा सारखा कशाने तरी लागतोय. कशाने, ते इथून कसं सांगू?

आकडे ठीकच आहेत. काळजी नको. कान शाबूत राहू देत आणि लोभही.

तुझा भिंगरी


दि. २३ फेब्रुवारी

चि. भिंगरी यास,
अ. उ. आ.

चोर सापडला. एक दुपार दुकानात ठाण मांडून बसले तेव्हा दिसलं. बाबांच्या डाव्या मनगटावर टाचण्या खोचायची उशी असते, हे तू जन्मापासून बघितलंयस. घड्याळही त्याच मनगटावर, म्हणून उशी घड्याळाच्या वर करकचून बांधलेली. टाचणी खोचली की उशी दबते, उशीखाली पडदा दबतो, उजेड पडतो. दिवसाला दोनशे वेळा. वरून इस्त्रीची वाफ, खाली घाम. उशी मी शिलाई यंत्राला बांधली, तर बाबा का कोण जाणे हिरमुसले. पण बॅटरी दुसऱ्या दिवशीही अर्धी उरली होती.

मनगट मात्र चिघळलंच. डॉक्टरांनी पंधरा दिवस काहीही बांधायचं नाही म्हणून दम दिला आणि मलम दिलं. गेल्या सोमवारी घड्याळ उतरलं. तुला कळवू का विचारलं तर म्हणाले की त्याला आजच कळेल, तोच विचारील. मग दुकानातला फोन वाजला की माप अर्धवट सोडून उठायचे. एकदा तर गिऱ्हाईक हात पसरून तसंच उभं. सहा दिवस असे गेले. काल त्यांनी घड्याळ पुन्हा बांधलं, उजव्या हातात. स्वतःच्या नाडीसाठी नाही, आकडा परत दिसला की तू काहीतरी कळवशील म्हणून. तरी फोन नाही, तेव्हा पोरगा पुलावरून पडलाय, नाहीतर त्याने विचारलंच असतं, असं म्हणाले आणि पायताण घालून तुझ्याकडे निघालेच होते. मी दार अडवलं.

मला काही लिहू नकोस. काय असेल ते त्यांना लिही.

ताई


दि. १ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी पडलो नाही. धडधाकट आहे.

फोन गेल्या जूनमध्येच रंगाच्या पिंपात पडला. इथे येऊन तिसरा आठवडा होता. दुसरा घेतलाच नाही, मुकादमाच्या फोनवर काम भागतं. रेंजचं मी रचून सांगितलं. तुमचा एकही आकडा आठ महिन्यांत मी बघितलेला नाही. त्याआधीच्या तीन आठवड्यांत दोनदा बघितला, त्यातला एकदा सोबत्याला गंमत दाखवायला म्हणून. ताईला आकडे ठीक आहेत असं लिहिताना हात थांबलासुद्धा नाही.

त्या दिवशी घड्याळ बांधलं तेव्हा माझी पिशवी आधीच भरलेली होती. तुमच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून खाली मान घालून पट्टाच आवळत बसलो. तो घट्ट मीच बांधला होता. तुम्ही सैल केला नाहीत.

घरट्याचं लिहिणार होतो, पण आता तेही पळ काढणंच होईल. कुणी विचारलं तर पोरगा पडला असंच सांगा, असंही मनात आलं. त्याचीही शरम वाटते.

लोभ जेवढा उरला असेल तेवढा ठेवा. वाढवा म्हणायला तोंड नाही.

आपला,
भिंगरी


दि. ९ मार्च

चि. भिंगरी यास,
अ. आ.

पत्र पोचलं. पडला नाहीस, बरं झालं. घड्याळ बटणांच्या डब्यात टाकलं. मनगट सुकत आलंय.

राग आला. तीन दिवस ताईशीही धड बोललो नाही, तिचा काय दोष? टाचणी खोचली की उशीच्या कडेने उजेड यायचा. मला वाटायचं, तू बघितलंस. दिवसभर येत राहायचा. ताईने उशी हलवली आणि तो गेला, तेव्हा म्हटलं, पोरगा कामात असेल.

तुझ्या शर्टासाठी निळं कापड बाजूला ठेवलंय. माझ्या वहीत तुझं माप चार वर्षांपूर्वीचं आहे. नवं माप लिहून पाठवू नकोस. तुझं लिहिलेलं मी धरणार नाही. समोर येऊन उभा राहा, मग कात्री लावतो.

बाबा