खांदा चोरलेल्या उड्या

३ डिसेंबर
व्हॉलीबॉल निवडीसाठी उड्या मोजल्या. पद्धत खेळाच्या सरांची: भिंतीशी उभं राहून हात वर, खूण. मग बोटांना हळद लावून उडी, दुसरी खूण. मधलं अंतर ती उडी. साखरा गावची पूनम, नवीन, शेवटची आली. सर म्हणाले, "पोरगी उंच हाय बराबर, पण जमीन सोडत न्हाई."
नेटवर तिच्या पायांखालून चेंडू आरामात जाईल, एवढी जागा मी पाहिली आहे.

४ डिसें.
आज एकट्या अश्विनीला बोलावलं, ती संघाची कप्तान. पुन्हा पुन्हा मोजली. वरची खूण जवळपास तिथेच. खालची हलते. घोळ उडीत नाही, उभं राहण्यात.

५ डिसें.
सापडलं. खालची खूण करताना मुली खांदा चोरतात. हात सरळ दिसतो, खांदा खाली. खूण बुटकी, उडी मोठी.
अश्विनी म्हणाली, सगळ्याच करतात. "पूनमला कोणी सांगितलंच न्हाई, ताई."

६ डिसें.
सरांना सांगितलं. सोमवारी यादी हिंगोलीला जाणार, पूनम त्यात नाही.
"मॅडम, तुमी उडी मोजून राहिल्या का उंची?"
म्हटलं, तुम्हीच उभे राहा. राहिले, खूण केली. मी स्टुलावर चढून त्यांचं कोपर वर ढकललं, टाचा जमिनीवरच. खूण चार बोटं वर. मुली ओढणीत हसत होत्या.
सरांनी दोन्ही खुणांवर बोट ठेवलं. मग, "आपला बी खांदा चोरच निघाला की." फेरमोजणी मान्य.

७ डिसें.
नवी पद्धत: टाचा टेकलेल्या. कोपर मी ढकलणार. खालची खूण सलग दोनदा तिथेच आली तरच धरायची. तीन उड्या, मधे पुरता दम घ्यायचा. सरांनी वेगळं मोजलं, मी वेगळं. जुळवलं. फरक कुठेच एका सेंमीपेक्षा जास्त नाही.
कुठेच नाही.
पू. दुसरी. पहिली अश्विनीच. तिला विचारलं, मग चोरत काहून होतीस? "सवय, ताई."

८ डिसें.
सकाळी पुन्हा मोजलं. आकडे तेच. सरांनी स्वतःच्या हाताने पू.चं नाव घातलं. चहा त्यांच्याकडून. मी दोन कप घेतले.
आता निवड हिंगोलीला. मोजणारे वेगळे, पद्धत जुनी. निघताना पू.ने हळूच विचारलं, "ताई, तिथं खांदा चोरू का?"
माझ्याआधी सरच म्हणाले, मॅडम संगं येतील.
तिथे मला भिंतीजवळ येऊ देतील का, माहीत नाही. स्टूल मात्र जीपमध्ये ठेवलं आहे.